बादलीभर माती : ओंगारच्या बाल्कनीतील भाजीपाल्याचे अर्थकारण

मार्च उजाडला, दिवस लांबू लागले, की ओंगारमधील आपल्या अनेक घरांत एकच प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो, मिरची हे सारे कुंड्यांत लावायचे आहे, बियाणे आहे, बादल्याही आहेत. पण त्यांत भरायची माती आणायची कुठून आणि तिच्यावर किती खर्च करायचा? दुकानातून पिशव्यांमागून पिशव्या विकत आणल्या, तर हंगामाअखेर हाती येणारी मेथीची जुडी भारतीय वाणसामानाच्या दुकानातील जुडीपेक्षा महाग पडते. मग उत्साह मावळतो आणि पुढल्या वर्षी बादल्या रिकाम्याच राहतात. प्रस्तुत लेखाचा हेतू हा खर्च कमी कसा करावा, आणि तो कमी करताना पीक व आरोग्य यांची हानी कशी टाळावी, हे सांगण्याचा आहे.

अंगणातील माती का चालत नाही?

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घरामागच्या तुकड्यातील माती खणून कुंडीत भरणे. तो बहुधा फसतो आणि त्याला कारणे आहेत. डब्लिन परिसरातील जमीन मुख्यतः हिमयुगात हिमनद्यांनी मागे सोडलेल्या चिवट, दगडगोटेमिश्रित चिकणमातीची आहे. जिथे आज ओंगारची वस्ती आहे, तिथे पूर्वी घोड्यांच्या पैदाशीचे ओंगार स्टड होते. म्हणजे मुळात जमीन गवताची, चांगल्या कुरणाची. परंतु वसाहत बांधताना वरचा सुपीक थर हलवला जातो, अवजड यंत्रांखाली खालची माती दाबली जाते, आणि शेवटी विटांच्या तुकड्यांवर चार बोटे माती पसरून हिरवळ अंथरली जाते. नव्या वसाहतींत फावडे मारले की प्रथम खडखडाट ऐकू येतो तो त्यामुळेच.

दुसरे कारण भौतिकशास्त्राचे आहे. जमिनीत पाणी खोलवर झिरपत जाते, कारण खालच्या मातीचा सलग स्तंभ ते ओढून घेत असतो. कुंडीत तो स्तंभ तळाशी अचानक तुटतो. त्यामुळे कुंडीच्या तळाशी पाण्याने भरलेला एक थर कायम उरतो. मिश्रण जितके बारीक कणांचे, तितका हा थर जाड. आणि त्या थरात मुळांना हवा मिळत नाही. निचरा व्हावा म्हणून तळाशी खडी टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. प्रत्यक्षात खडीमुळे हा ओला थर नाहीसा होत नाही, तो फक्त वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. उपाय एकच : संपूर्ण मिश्रणच भुसभुशीत, हवा खेळणारे ठेवणे. तळाच्या भोकावर जाळीचा तुकडा टाकला की पुरे.

पिशवीवरील शब्द आणि त्यांचे अर्थ

आयर्लंडमध्ये नव्याने आलेल्या आपल्या माणसाला पहिला चकवा शब्दांचा बसतो. आपण ‘कंपोस्ट’ म्हणतो तेव्हा कुजलेले खत समजतो. इथे दुकानात ‘मल्टिपर्पज कंपोस्ट’ म्हणून मिळते ते खत नसून कुंडीत भरायचे तयार माध्यम असते. त्यात थोडे खत मिसळलेले असते, ते साधारण पाच-सहा आठवडे पुरते. ‘सॉइल इम्प्रूव्हर’ हे वाफ्यात मिसळण्यासाठी असते. ते नुसते कुंडीत भरू नये. ‘टॉपसॉइल’ म्हणजे खरी माती, वजनदार आणि कुंडीसाठी एकटी निरुपयोगी. ‘एरिकेशस’ असे लिहिलेले मिश्रण आम्लधर्मी असते, ते ब्लूबेरीसारख्या झाडांसाठी; भाजीपाल्यास नको.

‘जॉन इन्स’ हे नाव अनेक पिशव्यांवर दिसते. ती कंपनी नव्हे. इंग्लंडमधील जॉन इन्स उद्यानविद्या संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी १९३० च्या दशकात प्रयोगांती बसवलेले ते एक सूत्र आहे : कुंडीसाठी ७ भाग निर्जंतुक माती, ३ भाग पीट, २ भाग वाळू आणि मोजून मापून खत. त्यापूर्वी प्रत्येक माळ्याचे मिश्रण हे त्याचे गुपित असे. या दोघांनी सूत्र प्रसिद्ध केले आणि ते कोणालाही वापरता येऊ लागले. या प्रकारचे मिश्रण जड असते, पण उंच टोमॅटोची कुंडी वाऱ्यात कलंडू न देण्यास त्याचे वजनच कामास येते.

पीटचा प्रश्न

स्वस्त पिशवीत बहुतांशी पीट असते. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साठत गेलेला, अर्धवट कुजलेला शेवाळाचा थर. तो वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे हातभर जाडीचा थर तयार होण्यास काही शतके लागतात. जगाच्या भूपृष्ठापैकी सुमारे ३ टक्केच भाग अशा दलदलींनी व्यापला आहे, परंतु त्यांत साठलेला कार्बन जगातील सर्व अरण्यांतील वनस्पतींपेक्षा अधिक आहे. दलदल उपसून सुकवली की तो वायुरूपाने बाहेर पडतो.

आयर्लंडसाठी हा विषय पुस्तकी नाही. पीटचे तुकडे वाळवून इथल्या ग्रामीण घरांनी पिढ्यान्पिढ्या चुली पेटवल्या. १९४६ साली स्थापन झालेल्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने मध्य आयर्लंडमध्ये हा उद्योग मोठ्या प्रमाणावर चालवला आणि त्यावर गावेच्या गावे जगली. जानेवारी २०२१ मध्ये त्या कंपनीने आपल्या जमिनींवरील पीटचे उत्खनन कायमचे थांबवल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी इथल्या बागायतदारांसाठी लॅटव्हियाहून जहाजाने पीट आणावे लागले, तेव्हा आपल्या दलदली राखून दुसऱ्याच्या उपसण्यात काय साधले, असा वाद इथे झडला. ज्या कामगारांची रोजी गेली त्यांचा प्रश्नही खरा आहे आणि दलदलींचाही. आपण मात्र बाल्कनीतील चार बादल्यांसाठी पीटवर अवलंबून राहण्याची गरज नाही. पिशवीवर ‘पीट-फ्री’ असे स्पष्ट शब्द असल्याशिवाय तीत पीट आहे असेच समजावे. ‘ऑरगॅनिक’, ‘नॅचरल’ किंवा ‘पीट-रिड्यूस्ड’ या शब्दांनी ती हमी मिळत नाही.

पीटविरहित मिश्रणाची एक सवय लक्षात ठेवावी. त्याचा वरचा थर लवकर कोरडा दिसतो, पण खाली ओल असते. म्हणून वरून पाहून पाणी न घालता बोट दोन पेरे आत खुपसून पाहावे.

काथ्या : आपल्याकडूनच आलेला पर्याय

पीटला सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे कोकोपीट, अर्थात नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. भारत आणि श्रीलंका हे त्याचे प्रमुख पुरवठादार आहेत. तो दाबून विटांच्या रूपात येतो. साधारण ६५० ग्रॅमची वीट पाण्यात फुगून ९ ते १० लिटर होते; ५ किलोचा ठोकळा ६० लिटरांच्या पुढे जातो. ज्यांच्याकडे गाडी नाही आणि ज्यांना बसने सामान आणावे लागते, त्यांच्यासाठी हा फार मोठा फायदा आहे. ५० लिटरची ओली पिशवी तिसऱ्या मजल्यावर चढवणे आणि दप्तरातून वीट आणणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काथ्याच्या दोन मर्यादा आहेत. पहिली, त्यात पोषण जवळजवळ नसते; खत घालावेच लागते. दुसरी, नारळ बहुधा किनारपट्टीवरचा आणि सोडणे कित्येकदा खाऱ्या पाण्यात भिजवलेली, म्हणून हलक्या प्रतीच्या विटांत मीठ असू शकते. फुगवल्यावर तो एक-दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन पिळून घ्यावा. काथ्या कॅल्शियम धरून ठेवतो, त्यामुळे नुसत्या काथ्यात वाढवलेल्या टोमॅटोच्या फळांचा तळ काळा पडण्याची शक्यता असते. कुजलेल्या खताबरोबर वापरल्यास ही अडचण पुष्कळ कमी होते.

हिशेब लिटरात करावा

पिशवीची किंमत पाहू नये, लिटरची किंमत पाहावी. कुंडीचे आकारमानही लिटरात काढावे. गोल बादलीचा व्यास ३० सेंटीमीटर आणि मिश्रणाची उंची २५ सेंटीमीटर असेल, तर त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले उंची, म्हणजे १५ × १५ × ३.१४ × २५, सुमारे १७,६६० घनसेंटीमीटर, म्हणजेच जवळपास अठरा लिटर. अशा सहा बादल्यांना सुमारे १०८ लिटर लागतील.

समजा, ५० लिटरची पिशवी १० युरोला मिळते. लिटरला २० सेंट झाले, आणि १०८ लिटरचे २१ युरो ६० सेंट. पिशवी अर्धी विकत मिळत नाही, म्हणून तीन पिशव्या, ३० युरो. हाच खर्च दरवर्षी करायचा की फक्त पहिल्या वर्षी, यावर सारे अर्थकारण ठरते. गेल्या वर्षीचे मिश्रण फेकून न देता सुधारून वापरले, तर पुढील प्रमाण पुरते : ६ भाग जुने मिश्रण, ३ भाग चांगले कुजलेले खत किंवा पानांचे खत, १ भाग काथ्या. १०८ लिटरांपैकी ६५ लिटर घरचेच निघाले. विकत घ्यायचे उरले जेमतेम ४३ लिटर. खत घरी तयार केले, तर केवळ काथ्याची एक वीट विकत घ्यावी लागते.

अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी १० भागांचे प्रमाण असे ठेवता येईल : काथ्या ४, कुजलेले खत ३, टॉपसॉइल २, परलाइट किंवा बागकामाची जाड वाळू १. बांधकामाची बारीक वाळू घेऊ नये, ती मिश्रण घट्ट करते. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू तर नकोच : ती खारट असते आणि ती उचलण्यावर इथे कायद्याचे निर्बंध आहेत. मिश्रण कालवल्यावर बसते, म्हणून हिशेबापेक्षा दहावा हिस्सा जास्त धरावा. एवढ्यावर कोंबडीखताच्या गोळ्या वेष्टनावरील प्रमाणात मिसळाव्यात आणि टोमॅटो-मिरचीला फुले आल्यावर आठवड्यातून एकदा पातळ खत द्यावे.

जुने मिश्रण वापरताना मुळ्या चाळून काढाव्यात आणि पीक बदलावे. टोमॅटो, मिरची, वांगी आणि बटाटा एकाच कुळातील. ज्या बादलीत यांपैकी एक होते, तिच्यात पुढल्या वर्षी मेथी, पालक किंवा वाल लावावा. बटाट्याचा एकही कंद मिश्रणात राहू देऊ नये. १८४५ पासून या देशात सुमारे दहा लाख माणसांचा बळी घेणाऱ्या दुष्काळाचे निमित्त ठरलेला बटाट्याचा करपा आजही उन्हाळ्यात येतो, हवामान खाते त्याचे इशारे प्रसिद्ध करते, आणि मागे राहिलेले रोगट कंद हे त्याचे आश्रयस्थान असते.

स्वस्त किंवा फुकट मिळणाऱ्या वस्तू

*पानांचे खत.* ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वसाहतीच्या पदपथांवर पानांचे ढीग पडतात. रस्त्यालगतची तेलकट पाने टाळून बाकीची ओली पाने काळ्या पिशवीत भरावीत, पिशवीला भोके पाडावीत आणि ती कोपऱ्यात ठेवून द्यावी. एक ते दोन वर्षांत काळसर, सुगंधी, भुसभुशीत माती तयार होते. तिच्यात पोषण कमी, पण पाणी धरण्याचा गुण उत्तम.

*स्वयंपाकघरातील खत.* भाजीची देठे, साली, चहाचा चोथा यांत फाडलेला पुठ्ठा मिसळावा. हिरव्या ओल्या कचऱ्याबरोबर आकारमानाने तितकाच कोरडा तपकिरी कचरा असला की दुर्गंधी येत नाही. शिजलेले अन्न, मांस, मासळी यांत घालू नये, उंदीर येतात. ते ब्राऊन बिनमध्ये टाकावे. इथल्या थंडीत खत व्हायला नऊ महिने ते वर्ष लागते. जिथे जागाच नाही तिथे गांडुळांचा डबा उपयोगी पडतो. खतनिर्मिती करणाऱ्यांच्या इथल्या राष्ट्रीय संघटनेचे नाव ‘क्रे’ आहे, आणि आयरिश भाषेत त्या शब्दाचा अर्थच माती असा होतो.

*अळिंबीचे वापरलेले खत.* आयर्लंडमध्ये अळिंबीचा उद्योग मोठा आहे आणि पीक निघाल्यावर उरणारे माध्यम स्वस्तात मिळते. ते पेंढा, कोंबडीखत आणि जिप्समपासून बनलेले असते. त्यात क्षार व चुना अधिक, म्हणून एक हिवाळा पावसात राहू द्यावे आणि मिश्रणात चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नये. कोबी-मुळ्याला ते मानवते.

*कॉफीचा चोथा.* कॅफेत मागितल्यास बहुधा फुकट मिळतो. तो खताच्या डब्यात घालावा. सरळ कुंडीत जाड थर देऊ नये, त्याची पाणी न शोषणारी खपली बनते.

*घोड्याची लीद.* या परिसरात तबेले अजूनही आहेत आणि लीद अनेकदा मोफत मिळते. मात्र गवतावर फवारलेली काही तणनाशके घोड्याच्या पोटातून जाऊनही नष्ट होत नाहीत आणि अशा लिदीत टोमॅटो व शेंगभाज्यांची पाने आवळून विकृत होतात. म्हणून प्रथम चाचणी घ्यावी : एका कुंडीत ही लीद मिसळलेले आणि दुसरीत नेहमीचे मिश्रण घेऊन दोन्हींत घेवडा किंवा वाटाणा पेरावा. तीन-चार आठवड्यांत पहिल्या कुंडीतील पाने मुडपली, तर ते खत भाजीला वापरू नये.

काही सावधगिरी

पिशवी उघडताना तोंड दूर ठेवावे, हातमोजे व मास्क वापरावा, बंद खोलीत मिश्रण कालवू नये. कुंडीच्या मिश्रणात लेजिओनेला जातीचे जिवाणू आढळतात आणि त्यांची धूळ श्वासावाटे गेल्यास क्वचित गंभीर न्यूमोनिया होतो. घरात वृद्ध आई-वडील भारतातून आलेले असतील, किंवा कोणाला दमा असेल, तर हे काम त्यांच्यावर सोपवू नये.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी वजनाचा विचार करावा. ओल्या मिश्रणाचे वजन लिटरमागे एक किलोच्या आसपास जाते. सहा बादल्या म्हणजे एक क्विंटलहून अधिक. त्या भिंतीलगत विखरून ठेवाव्यात, कठड्यावर टांगू नयेत, खाली ताटल्या ठेवाव्यात, आणि इमारतीच्या व्यवस्थापनाचे व घरमालकाचे नियम आधी वाचावेत.

तिसरी गोष्ट प्रवासाची. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघाबाहेरून प्रवासी सामानातून पेरणीचे बियाणे किंवा रोपे आणण्यास वनस्पती-आरोग्याचे अधिकृत प्रमाणपत्र लागते. माती आणण्यास तर मनाईच आहे. गावाकडची चिमूटभर माती सोबत असावी असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु मातीबरोबर कृमी आणि रोगही येतात. मेथी, धणे, मोहरी इथल्याच दुकानातून स्वयंपाकासाठी घेतलेली पेरली तरी उगवतात. धणे हलके रगडून दोन भाग करून पेरले की सांभार लवकर वर येतो. पालेभाज्यांना १५ सेंटीमीटर खोली पुरते. मुळ्याला ३० लागते. टोमॅटोला किमान १५ लिटरची कुंडी हवी. मिरची-टोमॅटोची रोपे मेच्या मध्यापर्यंत रात्री आत ठेवावीत.

लहान तुकड्याचा विचार

आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्यांच्या शेतात आयुष्य काढले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत आपल्या घरांतील कोणी ना कोणी तुरुंगात गेलेले असते. त्या लढ्याची बरोबरी बाल्कनीतील बादल्यांशी करणे अनुचित होईल. पण जमिनीच्या तुकड्याकडे कसे पाहावे, याविषयी बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधातील एक विचार इथे थेट लागू पडतो. शेत लहान की मोठे यावर ते किफायतशीर ठरत नाही. त्या क्षेत्राशी भांडवल, श्रम आणि साधने यांचे प्रमाण योग्य आहे की नाही, यावर ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सहा बादल्यांचा हिशेबही असाच आहे. महागडे मिश्रण आणि थोडी मेहनत, हे प्रमाण तोट्याचे. जुने मिश्रण, घरचे खत आणि आठवड्यातून दोन तास, हे प्रमाण परवडणारे.

ज्यांना अधिक जागा हवी, त्यांच्यासाठी फिंगल परगणा परिषदेचे भाडेतत्त्वावरील भूखंड आहेत. त्यांपैकी पॉवर्सटाउन येथील आपल्या डब्लिन १५ मध्येच येतात. नाव नोंदवून वाट पाहावी लागते, तोवर बादल्यांत हात बसतो.

आणखी एक सूचना सर्वांसाठी. सुटे खत घनमीटरने विकत घेतले, तर लिटरमागे दर सहसा उतरतो. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. एका कुटुंबाला ते फार होते, पण दहा कुटुंबांना प्रत्येकी १०० लिटर हे नेमके प्रमाण आहे. ज्याच्या घरासमोर गाडी लागू शकते त्याच्याकडे ते उतरवावे, आणि एका शनिवारी सर्वांनी बादल्या घेऊन यावे. परलाइटची मोठी पिशवी, काथ्याचे ५ किलोचे ठोकळे यांनाही हेच लागू आहे. मागणी फेब्रुवारीअखेरीस एकत्र केली, तर मार्चमधील पहिल्या पेरणीला खत हाताशी असेल. आणि पानांच्या पिशव्या ऑक्टोबरमध्ये भरल्या, तर त्यानंतरच्या वर्षी विकत घ्यावयाचे खत आणखी कमी होईल.

सप्रेम जय भीम.